जिन्यावरून पडलेली बाई

ऑफिसात त्याला सगळे झाडूवाला म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जुने विनोदी सिनेमे डिस्कवर विकायला काढण्याआधी त्यांच्यावरची धूळ, डाग, ओरखडे काढायचे, हेच त्याचं काम. जन्मभर लोकांचे विनोद पुसणारा हा माणूस स्वतः क्वचितच हसायचा. एकच फजिती आवाज बंद करून दिवसभर बघा, तुमचंही हसू आटेल.

त्याला लहानाचं मोठं केलं मावशीने. ही मावशी तरुणपणी सिनेमात पडायची. म्हणजे मुरडायचं-मिरवायचं नायिकेने, आणि गडगडायची वेळ आली की तिचे कपडे घालून पडायचं मावशीने. अशाच एका जिन्यावर तिचं कंबरडं मोडलं. तो शॉट सिनेमात तसाच ठेवला, लोक पोट धरधरून हसले आणि मावशी कायमची खाटेला खिळली. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. शेजारणींना तर ती थापा मारते असंच वाटायचं.

"पडताना माझं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं होतं," ती सांगायची. "कापायचं राहिलं त्यांच्याकडून. एकदा बघू दे मला ते, मग खुशाल डोळे मिटते."

नेमका तोच सिनेमा त्याच्याकडे आला. रिळं सडलेली, खोलीभर व्हिनेगरचा वास. जिन्याचा प्रसंग त्याने दोनदा चालवून पाहिला. मावशी कुठेच दिसली नाही. खरं सांगायचं तर त्याचाही तिच्यावर पुरता विश्वास नव्हताच. मग तो कामाला लागला. या धंद्यातल्या माणसाच्या डोळ्याला एकच सवय असते: एका फ्रेममध्ये आलं आणि पुढच्या फ्रेममध्ये नाहीसं झालं, तर तो डाग. असे डाग पुसून मागच्यापुढच्या फ्रेमवरून जागा भरायची. काम पास झालं, तशी रिळं नष्ट केली गेली. डाग न पुसलेली कच्ची प्रत त्याने स्वतःच मशीनवरून काढून टाकली.

डिस्क बाजारात आली त्या दिवशी तो ती घेऊन घरी गेला. मावशीने उशी उंच करून घेतली, केस विंचरून घेतले. जिना आला.

"आता बघ हं. हात कठड्यावरून सुटतो ना, तिथेच."

हात कठड्यावरून सुटला आणि त्याला आठवलं. तिथे, कठड्याला लागून, एकाच फ्रेमपुरता एक पांढुरका डाग होता. त्याने तो निगुतीने पुसला होता, आणि काम झकास झालं म्हणून साहेबाने त्याची पाठही थोपटली होती.

पडद्यावर बाई खाली कोसळली. तिला चेहराच नव्हता.

"नाही दिसले रे मी," मावशी म्हणाली.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"दिसलीस की. तुझी पापणी लवली तेवढ्यात."

"हो का? मेले डोळे. परत लाव."

त्याने परत लावलं. मग पुन्हा. मावशीने बोटांनी दोन्ही पापण्या वर ओढून धरल्या होत्या. डोळे लाल झाले, पाणी गालांवरून उशीवर गळू लागलं, तरी तिने बोटं काढली नाहीत.

"या वेळी नाही मिटणार मी," ती म्हणाली. "लाव."