पाळीवरची मुलाखत

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती जागा, शोधणाऱ्या माणसाजवळ नोकरी नसते, पण किस्से पोतंभर असतात. तुमसरच्या एका कॉलेजात आम्ही तिघं तासिकेवर शिकवतो: चिखल्याचा राजरत्न, बपेऱ्याची वंदना आणि करडीचा मी. तिघंही जीवशास्त्रात पीएचडी, तिघंही परदेशातल्या प्रोफेसरांना मेल करून करून थकलेलो. पीएचडीला पाच वर्षं झाली की बरेच दरवाजे बंद होतात. माझी येत्या दिवाळीत होतात, म्हणून मलाच जास्त घाई.

*

आमचं अर्जाचं पत्र सामायिक. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी नाव बदलून पाठवायचं. एकदा राजरत्ननं त्यात टाकलं, 'आपल्या लॅबमध्ये काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.' वंदनानं न वाचताच पाठवून दिलं. एरवी महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, हे तासाभरात आलं. 'आभारी आहे. माझी लॅब सुरू होऊन दोन वर्षं झाली.'

*

राजरत्नचे बाबा मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. पोरगा इतका शिकून अजून काय शोधून राहिला, हे त्यांना समजेना. राजरत्ननं नीट समजावलं. दोन वर्षांचं काम, साहेब खूश असला तर अजून एक वर्ष, मग पुन्हा दुसरा साहेब शोधायचा.

बाबा म्हणाले, "ठेक्यावरच लागाचं होतं त मले सांगाचं न बाबू. दहावीनंतरच लावून देलं असतं."

*

आमच्या गाइडची रीत अशी की शिफारसपत्र ज्याचं त्यानं लिहून आणायचं, सर फक्त सही करणार. स्वतःची तारीफ लिहायची लाज वाटते हो! मी आपलं 'कष्टाळू, वक्तशीर' एवढ्यावर भागवलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अशा पोराले मी पीएचडी कशी काय देली?"

*

शेवटी एका प्रोफेसरनं मला मुलाखतीला बोलावलं. त्याचं काम धानावरच्या गादमाशीवर, माझंही तेच. आमच्या घरी नेटवर्क नाही, म्हणून भरदुपारी तलावाच्या पाळीवर मोबाइल घेऊन बसलो. खाली आमच्या धानाच्या बांधीत आई निंदण करत होती.

त्यानं विचारलं, शेतात ही कीड लवकरात लवकर कशी ओळखता? मी चार रिसर्च पेपरांची नावं सांगितली. इंग्रजीत बोलता बोलता मी धानाकडं हात करतोय हे पाहून आई वर आली, 'काय विचारते तो?' म्हणाली. मी सांगितलं.

"फुटव्याचा पोकळ पांढरा पोंगा झालेला दिसला म्हणजे उशीर झाला," आई म्हणाली. "त्याच्या आधी बुडाशी उगाच लय फुटवे येतेत." आणि तिनं एक बुडखा उपटून आणून कॅमेऱ्यासमोर धरला.

मी भाषांतर केलं. पुढचे सगळे प्रश्न त्यानं आईलाच विचारले.

आठवड्यानं मेल आला. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, पण आईंची निरीक्षणं फार मोलाची आहेत, दर आठवड्याला लिहून पाठवता येतील का, पेपरमध्ये त्यांचं नाव छापू.

आईला मी तो वाचून दाखवला. पहिली ओळ गाळली.

आईनं हात पदराला पुसले. तिचा चेहरा फुलला होता.

"सांगीन म्हण त्याले," ती म्हणाली. "पण मले कुठं लिवता येते? तू तिकडं गेल्यावर लिवून कोण पाठवन?"