वेबसाइट कुणाच्या नावाने?

देलांगूच्या बाजारात जाऊन "सारिंतेन कुठे राहते?" असं विचारलंत, तर लोक तुम्हाला दोन-चार गल्ल्या फिरवतील आणि शेवटी सांगतील, या नावाचं इथे कुणी नाही. "बू दार्मो" म्हणा (बू म्हणजे आई किंवा बाई), की शेंबडं पोरही भातगिरणीमागचं घर दाखवेल. आमच्याकडे लग्न झालं की नवऱ्याला मोठेपणाचं नवं नाव मिळतं आणि बायकोला त्याच नावाने हाका मारायला लागतात. तिचं आधीचं नाव कुठे गेलं, असं कुणी विचारत नाही. दार्मो जाऊन बरीच वर्षं झाली, पण सारिंतेन अजून बू दार्मोच आहे.

तिचं काम नवऱ्या नटवण्याचं. नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाच्या कमानी काढतात ना, पाएस, त्यात तिचा हात धरणारं आसपासच्या गावांत कुणी नाही. आदल्या दिवशी ही उपाशी राहते, पहाटे बांबूची काडी घेऊन नवरीसमोर बसते, आणि काम संपेपर्यंत खोलीत कुणाला शिंकायचीही सोय नसते. एरवी मात्र बाई इतकी मऊ, की भाजीवाल्याने उतरलेलं केळफूल हातात ठेवलं तरी "छान आहे हो" म्हणून घरी आणेल.

घरावरची पाटी मात्र तिच्या नावाची नाही, आणि दार्मोच्याही नाही. पाटीवर लिहिलंय 'बू मार्तो, नवरीची सजावट'. बू मार्तो ही तिची गुरू; सारिंतेन तिला म्बाह, म्हणजे आजी म्हणते. म्हातारी पेदानला राहते, हात कापतो म्हणून काडी कधीच खाली ठेवलीय. पण गुरू हयात असताना शिष्येने स्वतःच्या नावाची पाटी लावायची नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि आमच्याकडे जे लिहिलेलं नसतं तेच लोक जास्त पाळतात.

हे सगळं असंच चाललं असतं. पण समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती पाएस काढून घ्यायला सोलो शहरातल्या पार्लरमध्ये गेली. समोरच्या घरातली! सारिंतेनच्या ओट्यावर बसून तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे काप, खात मोठी झालेली पोर. लग्नानंतर मिठाई द्यायला आली तेव्हा निरागसपणे म्हणाली, "बू, मी मोबाइलवर खूप शोधलं हो, पण तुम्ही सापडलाच नाहीत."

"अगं, मी इथेच तर होते. समोर," सारिंतेन म्हणाली.

"हो, पण मोबाइलवर नव्हतात ना."

सारिंतेनला फार लागलं ते. त्या मोसमात आणखी दोन लग्नं तशीच हातची गेली, तेव्हा तिने सेमारांगला नोकरी करणाऱ्या, रात्री नावाच्या लेकीला फोन लावला. म्हणाली, "मला मोबाइलवर सापडायचंय. काय करू?"

"वेबसाइट कर, बू. आधी डोमेन घ्यायचं, मग होस्टिंग."

"म्हणजे काय?"

"डोमेन म्हणजे तुझं नाव, आणि होस्टिंग म्हणजे ते नाव जिथे राहतं ते घर."

"घर आहे की मला."

"ते नाही गं! इंटरनेटवरचं घर. भाड्याचं."

"आणि नाव?"

"तेही भाड्याचंच. दर वर्षी पैसे भरायचे. नाही भरले तर दुसरं कुणी घेऊ शकतं."

इथेच सारिंतेनचं डोकं पहिल्यांदा गरगरलं. स्वतःचं नाव स्वतःच भाड्याने घ्यायचं, आणि भाडं थकलं तर ते दुसऱ्याच्या अंगावर! मग तिने एक मोठीच चूक केली. शहाण्या माणसांचा सल्ला घ्यायचं ठरवलं.

पहिले पाक गुनादी; पाक म्हणजे काका. रस्त्यालगत त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिकाही छापतात. दुकानातलं यंत्र बिघडलं की स्वतःच्या हाताने आणखी बिघडवतात, पण ज्ञान अफाट. त्यांनी गोड घट्ट चहा मागवला आणि तिला ऐकवलं, की सर्व्हर जकार्तातलाच घ्यावा, सिंगापूरचा घेऊ नये. का, तर पान लवकर उघडतं.

"मी नटवलेल्या नवऱ्यांचे फोटो सिंगापूरला जाणार?" सारिंतेन घाबरून म्हणाली.

"नाही, जकार्ताला. म्हणून तर सांगतोय."

"पण फोटो माझ्या कपाटात आहेत की."

"ते राहतील हो कपाटात! आणि नाव 'बू दार्मो'च ठेवा. सारं गाव त्याच नावाने ओळखतं. ठेवायचं ना?"

"हो हो," सारिंतेन म्हणाली.

दुसरा तोहिर, मांडववाला. त्याचं मत अगदी उलट. जागा 'अमर्याद' मिळते तेच पॅकेज घ्यायचं, सर्व्हर कुठे का असेना, साइट सुरक्षित असल्याचं कुलपाचं चिन्ह फुकट मिळालं पाहिजे, आणि नाव 'बू मार्तो'. "जुनी घराणी तेच नाव विचारतात, बू. माझ्या बाबांपासूनची ओळख आहे ती. ती तोडायची म्हणजे काय? घेऊ ना तेच?"

"हो, बरोबर आहे तुझं," सारिंतेन म्हणाली.

आणि लेकीचं फोनवर एकच पालुपद, "बू, स्वतःचं नाव घाल. सारिंतेन. काम तू करतेस, आणि नाव सगळ्या जगाचं?"

"हो गं," सारिंतेन म्हणाली.

आता आमच्या गावात 'हो'चा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं कानावर पडलं, तुम्ही भले माणूस आहात, चहा गार होतोय. पुढचं पुढे. हे गुनादींना ठाऊक आहे, तोहिरलाही ठाऊक आहे. पण सल्ला देणाऱ्याला दुसऱ्याचा 'हो' नेहमी खराच वाटतो. पुढच्या आठवड्यात गुनादी हसत हसत आले, बू दार्मोच्या नावाचं डोमेन घेऊन, जकार्ताच्या होस्टिंगसह. त्यांचा चहा संपायच्या आत तोहिर येऊन थडकला, बू मार्तोच्या नावाचं डोमेन आणि अमर्याद जागा घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही हो म्हणाला होतात," गुनादी हळूच म्हणाले.

"मलाही म्हणाल्या," तोहिर म्हणाला.

सारिंतेनने आत जाऊन तेंपे तळायला घेतलं. दुसरं काय करणार? दोघेही पोटभर खाऊन गेले, कुणीही पैसे परत मागितले नाहीत, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी लेक घरी आली तेव्हा आई ओट्यावर डोकं धरून बसली होती. "मला काहीच कळेनासं झालंय," ती म्हणाली. "एक घर जकार्तात, एक सिंगापुरात. एक अमर्याद, एकाला कुलूप. आणि या सगळ्यात मी कुठे आहे तेच सापडत नाही."

"घरांचं सोड. ती मी बघते, त्यात अवघड काही नाही. नावाचं सांग. तुला कुठलं हवंय?"

सारिंतेन बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग एकदम म्हणाली, "खरं सांगू? मला माझं हवंय. एकदा तरी कुठेतरी सारिंतेन असं लिहिलेलं बघायचंय. शाळेच्या दाखल्यानंतर कुठे बघितलंच नाही." आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. "पण म्बाह मार्तोंना काय वाटेल? त्यांच्या जिवावर जेवले मी. त्या जिवंत असताना त्यांचं नाव पुसायचं? मला नाही झेपणार ते. आणि त्यांचंच नाव घातलं, तर जन्मभर मनात राहील."

"मग त्यांनाच विचार."

"विचारायचं? असं विचारतात का कुणी?"

विचारत नाहीत, खरंच. पण दुसऱ्या दिवशी मायलेकी स्कूटरवरून पेदानला निघाल्या. सोबत साखर, चहा आणि केळ्यांचा फणा. रात्रीने लॅपटॉपही घेतला होता. म्बाह मार्तो मागच्या पडवीत वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंग सुपारीएवढं, नजर मात्र अजून कपाळावरची केस-केस रेघ हेरणारी.

"ये, तेन," त्या म्हणाल्या. साऱ्या दुनियेत एवढी एकच बाई तिला तिच्या नावाने हाक मारते, तीही अर्ध्याच.

मग रीतीप्रमाणे भाताचं पीक झालं, म्बाहंचे गुडघे झाले, शेजारणीच्या सुनेचा स्वभाव झाला. सारिंतेन वेबसाइटच्या जवळ जायची आणि घाबरून परत फिरायची. शेवटी म्बाहच वैतागल्या. "तेन, तू कपाळावरची मधली कमान काढायला घाबरायचीस तेव्हा अशीच भुवयांपाशी घोटाळायचीस. काय ते बोल."

तिने सांगितलं. अडखळत, उलटसुलट, जकार्ता आणि सिंगापूरसकट. आणि शेवटी म्हणाली, "म्हणून म्हटलं, तुमचंच नाव ठेवावं. बू मार्तो."

"माझं?" म्हातारी म्हणाली. "ते माझं नाव कुठंय?"

सारिंतेनने मान वर केली.

"मार्तो माझ्या नवऱ्याचं नाव. साखर कारखान्यात ऊस वजन करायचा. माणूस चांगला होता, पण जन्मात कधी काडी हातात धरली नाही त्याने. काळा लेप बघून त्याला शिंका यायच्या! उपाशी मी राहायचे, पाठ माझी मोडायची, आणि लोक म्हणायचे, काय सुरेख काढलंय बू मार्तोने." त्या हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. "मला आवडायचं नाही. पण मी सगळ्यांना हो हो करत राहिले. सासूला हो, शेजाऱ्यांना हो, तुझ्या त्या पाटीवाल्यालाही हो."

 सारिंतेनची उमेदीची सारी वर्षं या बाईच्या पायाशी गेली, हिच्याकडून ती कपाळ वाचायला शिकली, नवऱ्याच्या आजारपणात हिच्याच घरचा भात खाल्ला. जे नाव पुसायला ती इतकी घाबरत होती, ते उसाच्या वजनकाट्यावरच्या एका गृहस्थाचं निघालं. आणि या बाईचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

"म्बाह," ती कशीबशी म्हणाली, "तुमचं नाव काय हो?"

म्हातारीला जरा वेळ लागला. "कुस्मिना," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "कुस्मिना."

 मग म्बाहंनी पाठ ताठ केली आणि शिकवायच्या वेळचा आवाज काढला. "हे बघ, तेन. तुझं नाव घाल. काम तुझं, नाव तुझं. माझ्यासारखं करू नकोस."

"हो, म्बाह."

"हे 'हो' कुठलं? ऐकल्याचं, की करणार असल्याचं?"

रात्री खुदकन हसली. सारिंतेनला मात्र हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "करते. माझं घालते. पण तुमचंही घालणार. नाही म्हणू नका."

"दोन नावं कशी राहतील एका घरात?"

"राहतात, म्बाह," रात्री लॅपटॉप उघडत म्हणाली. "घर एकच घ्यायचं. कुठल्याही नावाने शोधलं तरी माणूस तिथेच येतो. पाक गुनादींनी आणि तोहिरदादाने घेतलेली नावंसुद्धा तिकडेच वळवता येतील, म्हणजे त्यांचेही पैसे वाया जायचे नाहीत."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" सारिंतेन उसळली.

"तू विचारलंस कुठे? सारखं हो हो म्हणत होतीस!"

रात्रीने आधी आईचं नाव पुढे 'पाएस' जोडून डोमेन शोधायच्या चौकटीत घातलं. मिळत होतं. मग कुस्मिनाचं घातलं. तेही मिळत होतं, एवढ्या मोठ्या जगात ते कुणालाच नको होतं. "किती वर्षांसाठी घेऊ?" तिने विचारलं. "तुझं एका वर्षासाठी घेते. पुढे बघू, सगळे असंच करतात."

"म्बाहंचं जास्तीत जास्त किती घेता येतं?"

"दहा वर्षं. पण बू..." रात्रीने आवाज खाली आणला. "म्बाह आता... म्हणजे एवढं कशाला? एकच घेऊ की."

"म्हातारी आहे, बहिरी नाही," खुर्चीतून आवाज आला. "पोरगी बरोबर बोलतेय, तेन. एक घे, पुष्कळ झालं."

"नाही," सारिंतेन म्हणाली. हा शब्द तिने गुरूपुढे पहिल्यांदाच उच्चारला होता. तरी ती थांबली नाही. "दहा घे, रात्री. पैसे मी देते."

रात्रीने दहा घेतली.

"काय वेडेपणा," म्बाह पुटपुटल्या. "दहा वर्षं कोण मारणार आहे मला त्या नावाने हाक?"

सारिंतेन खुर्चीपाशी खाली बसली. थेट नाव घ्यायला जीभ रेटेना, तेव्हा आधी तिने घसा साफ केला. मग हाक मारली, "म्बाह कुस्मिना."

म्हातारी अंगणाकडे बघत राहिली. त्या हाकेची सवयच नव्हती तिला, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं वाटलं असावं.

"म्बाह कुस्मिना," सारिंतेनने पुन्हा हाक मारली.

आणि म्हातारीने ओ दिली.