विरजणापुरतं

घरच्या छोट्या सर्व्हरसाठी आणलेल्या तीन डिस्क पुढ्यात घेऊन मी सकाळपासून अडून बसलो होतो. जुने फोटो, आईने म्हटलेल्या ओव्या, सगळं त्यांवर ठेवायचं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, एक डिस्क पॅरिटीला दे. तिच्यावर आपलं काही ठेवता येत नाही, नुसता बाकी दोन्हींचा हिशेब राहतो. पण त्यातली एखादी बिघडली तर त्या हिशेबावरून तिचं सगळं परत मिळतं."

मला पटेना. चांगली आख्खी डिस्क नुसती राखणीला बसवायची?

जेवताना दही कवडीदार लागलेलं दिसलं, म्हणून उरलेलंही वाढून घ्यायला पातेलं ओढलं. बायकोने हात धरला. "अहो, तेवढं राहू द्या. विरजणाला आहे."

चमचाभरच होतं. लग्न झाल्यावर आईने तिला दिलेलं विरजण अजून चालू आहे. आई गेली, घर बदललं, पातेलीही बदलली. दही मात्र तेच राहिलं, कारण रोज कुणीतरी एक चमचा मोह आवरला.

हात धुतले आणि तिसरी डिस्क मुलीच्या हातात दिली. तिच्यावर आमचं काहीच दिसणार नाही. पण विरजणात तरी आई कुठे दिसते?