तीन नंबरचा प्लग

“भाऊ, प्लग म्हाताऱ्याच्या हातात नको हां देऊ. मागल्या खेपेचं आठवतंय ना?”

प्रमोददादा हे बाबांना म्हणाला. अगदी हळू. मी त्याच्या गाडीची सीट वर करून इंजिनावर वाकले होते, म्हणून मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं असावं. कमी बोलणाऱ्या मुलींना ऐकूही कमी येतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

मला मागल्या खेपेचं आठवत होतं. प्रमोददादापेक्षा जास्त. बाबांपेक्षाही जास्त. आणि जे आठवत होतं ते तीन वर्षांत माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं — आईजवळ नाही, जिच्याशी रोज तासभर बोलते त्या मैत्रिणीजवळही नाही. तुम्हाला सांगतेय खरी, पण लगेच मुद्द्यावर येता येईल असं वाटत नाही.

सावर्ड्यात हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. बाबा आणि शांतारामकाका, दोघंच. काका बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. बाबांनी काम त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. मी चिपळूणच्या इंग्रजी शाळेत शिकले, आणि गॅरेजमध्ये माझा उपयोग सुरू झाला तो वाचण्यासाठी. नव्या गाड्यांना बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो, त्यावर सगळं इंग्रजीत येतं. मी वाचायचे, काका ऐकायचे, आणि स्कॅनरने जे सांगितलं ते त्यांना आवाजावरून आधीच कळलेलं असायचं. “काय गो बाय, तुझं यंत्र काय म्हणतंय? तीन नंबरचा सिलिंडर ना?” तीन नंबरच असायचा.

प्रमोददादाचा छोटा ट्रक गॅसवर चालतो. जयगडहून मासळी घेऊन तो खेडपर्यंत जातो. गॅसच्या गाडीचे प्लग लवकर झिजतात, म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर तो आमच्याकडे यायचा. चार सिलिंडर, चार प्लग, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी, ठिणगीला वीज देणारी एक कॉइल. कॉइल काढायची, जुना प्लग काढायचा, नवा बसवायचा.

काकांची पद्धत अशी की जुने प्लग काढले की ते अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवायचे. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते विसरायचं नाही. नवा प्लग पान्याने सुरू करायचा नाही. रबरी पाइपाचा एक वीतभर तुकडा असायचा, त्यात प्लग अडकवून दोन बोटांनी फिरवायचा. वाकडा लागला तर रबर आपोआप घसरतं. शेवटी आवळायला तेवढा पाना. आणि एक नियम — नवा प्लग जमिनीवर पडला, तर तो मेला. दिसायला धड असला तरी. आतलं चिनी मातीचं नळकांडं तडकलेलं असू शकतं, बाहेरून कळत नाही. म्हणून पडलेला प्लग तिथल्या तिथे ऐरणीवर ठेवून हातोडीने फोडायचा. ज्याच्या हातून पडला त्यानेच. म्हणजे चुकूनसुद्धा कुणी तो गाडीत घालणार नाही.

कळलं असेल तुम्हाला मी कुठे चाललेय.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी काकांनी मला पहिल्यांदा नवे प्लग हाताळायला दिले. खोक्यातून काढायचे, पातळ पत्तीने टोकाची फट मोजायची, त्यांच्या हातात द्यायचे. प्रमोददादा दारात उभा राहून म्हणाला, “भाऊ, इंग्रजी शाळेतलं पोर गॅरेजात? उद्या प्लगला गुड मॉर्निंग म्हणेल!” सगळे हसले. मीही हसले — मला नीट हसताही येत नाही अशा वेळी. आणि तिसरा प्लग माझ्या बोटांतून सुटला.

फरशीवर एकदाच वाजला. बाबा नुकतेच बाहेर गेले होते. काका कॉइलच्या खटक्याशी झगडत होते, प्रमोददादाचा फोन वाजला होता. कुणीही वळून पाहिलं नाही.

मी तो उचलला. पुसला. पाहिला. काही दिसलं नाही. — नाही, असं लिहिणं बरोबर नाही. काही दिसलं नाही, कारण मी नीट पाहिलंच नाही. मला फक्त हातोडीचा आवाज ऐकू येत होता, जो अजून झालाच नव्हता. तो आवाज झाला असता, प्रमोददादा वळला असता, पुन्हा हसला असता. एवढंच. एवढ्यासाठी मी तो प्लग काकांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो बसवला. नेहमीसारखा, रबरी तुकड्याने, सावकाश.

पाचव्या दिवशी परशुराम घाटात चारातला एक सिलिंडर बंद पडला आणि गाडी भरल्या वजनानिशी चढेना. तीन नंबरची कॉइल जळाली होती. मासळीवरचा बर्फ वितळून गेला. गाडी ओढून आमच्याकडे आणली तेव्हा तो प्लग मीच काढला. पांढऱ्या मातीवर केसाएवढी काळी रेघ होती, तड्याची. अशा प्लगने कॉइल जळते.

पाना तिरका बसला, हात हलला, तर प्लग असाच तडकतो. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त काकांच्या हातांकडे पाहिलं. काकांचा उजवा हात तेव्हा नुकताच कापायला लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. प्रमोददादा मात्र बोलला, नको ते सगळं बोलला. आणि काका म्हणाले, “माझाच हात वाकडा गेला असंल.”

मी तिथेच होते. दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवसापासून काकांनी इंजिनाला हात लावला नाही. एअर फिल्टर साफ करायचे, टायरची हवा बघायची, झाडू मारायचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. अंड्यांचा ट्रे माझ्याकडे आला. रबरी तुकडाही. आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी दुसऱ्या कुणी टिपली नव्हती — काकांचा हात कप धरताना कापायचा, प्लग धरताना नाही. हत्यार हातात आलं की तो थांबायचा. मी रोज इतक्या जवळून पाहिलं होतं. तरीही माणूस स्वतःच्या हाताला भ्यायला लागला ते मी तीन वर्षं बघत राहिले. तो तडकलेला प्लग माझ्या शाळेच्या कंपासमध्ये होता. टाकवला नाही, दाखवलाही नाही.

म्हणून त्या सकाळी, तीन वर्षांनी परत आलेला प्रमोददादा ते हळू बोलला, तेव्हा मी सीटखालून बाहेर आले, घरात जाऊन कंपास आणला आणि काका हवेच्या पाइपाने फिल्टर फुंकत होते तिथे गेले. बाबांना आणि प्रमोददादालाही बोलावलं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. काकांनी प्लग उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, “कुठल्या बाजूवर पडला?” मी सांगितलं. मग ते तीन दिवस गॅरेजकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी प्लग ऐरणीवर ठेवून त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली. मी फोडला. आवाज मला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. प्रमोददादाची गाडी तोवर तशीच उभी होती. काका येईपर्यंत थांबतो, असं त्याने स्वतःच बाबांना सांगितलं होतं. काकांनी हात धुतले, माझ्याकडून रबरी तुकडा मागून घेतला आणि चारही प्लग बसवले. चहा पिताना कप वाजलाच. कुणी तिकडे पाहिलं नाही.

शाळेत आम्ही दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणायचो, धक्का लागला तरी. तो शब्द त्या सकाळी मी मुद्दाम वापरला नाही. हवेचा पाइप बंद केला, कंपास उघडला, आणि एवढंच म्हणाले —

“काका, तीन नंबरचा प्लग तुमच्या हाताने फुटला नाही. तो माझ्या हातून पडला होता. मला माहीत होतं, आणि तरी मी तो तुम्हाला दिला.”