पहिली नऊ पानं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात हेमावती सहायक आहे. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. घरात कन्नड, कामावर मराठी, आणि दोन्हीत खोटं खपवून घेत नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे रिपॉझिटरीचं काम आलं. प्राध्यापकांचं संशोधन कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायचं, म्हणजे कुणालाही घरबसल्या वाचता येईल. लोकांना विचारून लिहिलेलं लोकांना दाखवायला कोण नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

आम्ही सगळे नाही म्हणालो.

कुणी म्हणालं, चोरतील. ज्यांचं लेखन घरच्यांनीही वाचलेलं नाही, त्यांना चोरांची भीती! कुणी म्हणालं, पुस्तक काढायचंय. ते पुस्तक बारा वर्षं निघतंय. बाई पेनड्राइव्ह घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी आणि आम्ही चहा पीत तिला ‘उद्या या’ सांगतोय. मी मराठी शिकवतो, मीही तेच सांगितलं. अजून लाज वाटते.

मग तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी किती संशोधन चढवलं त्याचा आकडा मागितला. सगळ्यांनी एकच शहाणपणा केला. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, एवढंच दिलं. यादीत दोनशे नोंदी दिसल्या. समितीनं पाठ थोपटली, एकही नोंद उघडून पाहिली नाही.

हेमावतीचा जीव मात्र एका अहवालात अडकला होता. भूगोलाच्या वाघचवरे सरांनी दुधनीच्या आसपासच्या शंभरेक जुन्या विहिरींची पाहणी केली होती. खोली किती, झरा कुठल्या अंगाला, कधी आटतो. त्यांना विहिरीविहिरीवर फिरवलं ते हेमावतीच्या वडिलांनी, ईरप्पांनी. ते आता नाहीत. गावानं बुजलेल्या विहिरी उपसायला घेतल्यात आणि झरे दाखवणारं कुणी उरलेलं नाही. गावकरी हिला फोन करतात.

“सर, सगळा अहवाल द्या की. गावाला लई गरज हाय,” ती माझ्यादेखत म्हणाली.

“माझा डेटा आहे तो. उद्या कुणी त्यावर पीएचडी करेल.”

मी शेजारीच चहा पीत बसलो होतो.

गेल्या महिन्यात विभागाला रंग दिला आणि जुन्या कागदांबरोबर अहवालाची एकुलती प्रत रद्दीत गेली. सरांचा कॉम्प्युटर त्याआधीच बंद पडलेला. सात रस्त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानंही हात वर केले. सर तडक ग्रंथालयात आले. मी तिथंच एक पुस्तक चाळत उभा होतो.

“रिपॉझिटरीत असेल ना माझा अहवाल?”

तिनं उघडला. नऊ पानं. शेवटी अनुक्रमणिका: विहिरींच्या नोंदी, पान १४ ते १२०. पुढं काही नाही.

“बाकीचं कुठं गेलं?” सर तिच्यावरच खेकसले. “एवढं साधं काम जमत नाही तुम्हाला?” मला इतका संताप आला की हातातलं पुस्तक मी आपटलंच.

“तुमी एवढंच दिलं हुतं, सर.”

तिनं पान मागं घेतलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ऋणनिर्देश होता. ‘दुधनीचे श्री. ईरप्पा यांच्याशिवाय हे काम झालेच नसते. त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल.’

“अप्पांचं नाव तेवढं राहिलंय,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुधनीहून होता. तिनं तो सरांपुढं धरला.

“झरा कुठल्या अंगाला हाय इचारतेत. तुमीच सांगा.”