कच्चं लिंबू पक्कं कधी होतं?

मी पुण्यात पदवीला ‘बालपण’ हा विषय घेतलाय, हे आमच्या मिरजगावात कुणाला पटवायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. एकाच विषयाला मानसशास्त्र, इतिहास, कायदा, साहित्य अशा सगळ्या बाजूंनी भिडायचं, असं मी मोठ्या तोंडानं सांगते आणि समोरचा शांतपणे विचारतो, “म्हंजी बालवाडीची बाई व्हनार का?” वडील तर टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरवता उतरवता म्हणाले, “पोरं आपोआप मोठी व्हत्यात. त्यात शिकायचं काय हाय?” असा राग आला म्हणून सांगू!

दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला एक काम दिलं होतं. आपल्या गल्लीतल्या मुलांचा खेळ बघायचा. फक्त बघायचा. भांडण सोडवायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच?

पहिल्याच संध्याकाळी भावाची मुलगी भोकाड पसरून माझ्याकडे आली. अजून शाळेत नाव घातलेलं नाही, नाक कायम वाहतंय, पण तोरा सरपंचाचा. लपाछपी चालली होती. ती सगळ्यांत आधी सापडली, म्हणजे नियमानं पुढचं राज्य तिच्यावर यायला हवं होतं. पण मोठी पोरं म्हणाली, “तिचं सोड, ती कच्चं लिंबू हाय.” कच्चं लिंबू म्हणजे खेळात घेतलेला बारका भिडू. त्याला पळू द्यायचं, लपू द्यायचं, पण सापडला तरी धरायचं नाही. बाकीची राज्य चुकवायला जिवाचा आटापिटा करतात आणि ही बया ओरडत होती, “मला राज्य पायजे! आत्या, तू सांग की त्यांना!”

माझा जीव तुटत होता. तरी गप्प बसले. ती फणकाऱ्यानं निघून गेली आणि रात्री माझ्या ताटाशेजारी जेवायलाही बसली नाही.

पण मला एक किडा चावला होता. कच्चं लिंबू पक्कं कधी होतं? हे ठरवतं कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनाच विचारलं.

“दुधाचे दात पडल्यावर,” एक जण ठामपणे म्हणाला.

“काय बी सांगतो! तुझा तर एक बी पडला न्हाई,” त्याची बहीण फिसकन हसली. “बारकं कुनी आलं की आदीचं पक्कं व्हतं. माझं तसंच झाल्तं.”

आणि मला माझं काही केल्या आठवेना. लहानपण शिकायला निघालेली मी, नेमकी कोणत्या दिवशी पक्की झाले? हा कायदा कुणी मोठ्या माणसानं केलेला नाही, कुठं लिहिलेला नाही, तरी तो मी लहान असताना होता आणि आजही आहे. मला फार मजा वाटली. भाची फ्रॉकचं टोक चावत बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती.

त्या संध्याकाळी ती शेजारच्या बाळाला काखेत मारून, अर्धं ओढत घेऊन आली. बाळ नुकतंच चालायला लागलेलं, अंगात नुसतं झबलं.

“ह्यो कच्चं लिंबू. मी न्हाई आता.”

“त्याला पळता तरी येतं का?” एका मोठ्या पोरानं विचारलं.

“मला घेतलं तवा मला तरी कुटं येत हुतं?”

मग सकाळची ती बहीणच म्हणाली, “व्हय की.” झालं! निकाल लागला.

भाचीवर राज्य आलं. कडुलिंबाच्या झाडाला तोंड टेकवून तिनं येत होते तेवढे आकडे म्हटले, उरलेल्यांच्या जागी तेच पुन्हा म्हटले. मग शोधायला लागली. गोठा बघितला, हौदामागं बघितलं. कुणी सापडेना. अंधारून आलं. ओठ थरथरायला लागले, डोळे भरले. आता ही रडणार, सगळं सोडणार, असं वाटून मीच घाबरले. पोरं टेम्पोमागं होती, मला सगळ्यांचे पाय दिसत होते.

वडील ओट्यावर माझ्याजवळ उभे होते. नातीचं तोंड बघून त्यांना राहवेना. “अगं बाळा, तकडं टेम्पो...”

“आबा, गप!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “सांगू नगा! मला परत कच्चं लिंबू करत्याल!”

वडील मटकन माझ्याशेजारी बसले. तिनं बाहीला नाक पुसलं आणि पुन्हा गोठ्याकडे निघाली. टेम्पो तिकडे नव्हताच. ती दिसेनाशी झाली तसे वडील माझ्या कानाशी लागून म्हणाले, “आता गं?”

“आता बघायचं,” मी म्हटलं. “फक्त बघायचं.”