पाण्याखाली माणूस

चैत्रातल्या सकाळी धरणाच्या भिंतीवर उभे राहिले, तर डोळ्यांच्या आधी नाकाला काहीतरी कळते. ओसरत गेलेल्या पाण्यामागे उघडा पडलेला गाळ, त्याच्यावर मुरलेला गारवा आणि आता त्याच्यावर चढू लागलेले ऊन, या तिघांचा मिळून एक गंध उठतो. मातीच्या गंधापेक्षा तो जड असतो आणि पाण्याच्या गंधापेक्षा उबदार. जलाशय असा अंग आक्रसून बसलेला असतो की पलीकडचा काठ हात लांबवून शिवावा असे वाटते. आणि त्या आठ दिवसांत तर पाणी इतके निश्चल होते की दूर कुठे बगळ्याने पाय उचलला तरी त्याचे वलय काठापर्यंत येऊन विरताना दिसे. एक डोंगा नाही, एक जाळे नाही, वल्ह्याचा एक ठोका नाही!

ही निश्चलता निसर्गाची नव्हती. ती हुकुमाची होती, आणि तो हुकूम घेऊन गेलेला माणूस मीच होतो.

मी वाशीमच्या पाटबंधारे कचेरीतला कारकून. पाणी मी आयुष्यभर पाहिले ते कागदावर. किती साठले, किती सोडले, किती उडून गेले, एवढेच. त्या वर्षी किन्हीराजाच्या पलीकडच्या एका लहानशा धरणाचे काम निघाले. तळाशी गाळ किती बसला हे नावेतून पाण्यात ध्वनी सोडून मोजायचे होते, आणि कालव्याचे दार नीट आहे की कुजले हे पाणबुड्याने खाली उतरून तपासायचे होते. दार दगा देणारे निघाले, तर पावसाळ्यात खालच्या गावांची धडगत नव्हती. म्हणून आठ दिवस जलाशयात डोंगे, तराफे, जाळी आणि पोहणे यांना तात्पुरती मनाई झाली. कचेरीत माणसे कमी. साहेब मला म्हणाले, फलक लावा आणि आठ दिवस काठावर बसून राहा. मोटरसायकलला फलक बांधून मी निघालो तेव्हा मनात एकच विचार होता. यात अवघड ते काय?

फलक ठोकून होतो न होतो तोच एक बाई समोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सडपातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात वल्हे. वच्छलाबाई तिचे नाव. पाणी मागे सरकले की पलीकडच्या काठाला जी गाळाची जमीन मोकळी होते, त्या गाळपेरावर ती आणि तिचा नवरा दरसाल टरबुजे लावत. नवरा तिकडे खोपीत राखणीला राही, आणि ती रोज सकाळी डोंग्यातून त्याला भाकरी नेई. पाण्यावरून दहा मिनिटांची वाट, सडकेने अठरा किलोमीटरचा वळसा.

"काय लिवलं हाय?" तिने विचारले.

मी वाचून दाखवले.

"काहून?"

आता पाहा, माझ्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. लोक 'किती दिवस' विचारतात, 'कुणाला भेटू' विचारतात. 'का' विचारणारा माणूस विरळा. मला अभियंत्याने जे सांगितले होते तेवढे मी तिला सांगितले. दाराजवळ नाव एका जागी धरून ठेवण्यासाठी चारी बाजूंना दोर ताणलेले असतील, ते पाण्याच्या पृष्ठभागाखाली दिसणार नाहीत. पाणबुड्याला श्वास नावेतून एका नळीने जाईल. डोंग्याचा तळ दोराला लागला, वल्हे नळीत अडकले, तर खालच्या माणसाचा जीव टांगणीला. आणि खाली काही झाले तरी त्याला घाईने ओढून वर काढता येत नाही. तो दाराच्या खाचेत, अंधारात असतो. त्याचा तो सावकाशच यायला हवा. नावेवर लाल निशाण आहे तोवर पाण्याखाली माणूस आहे असे समजावे.

तिने सगळे ऐकले, एकदा पाण्याकडे पाहिले आणि विचारले, "नियम सगळ्याइले हाय ना?"

"सगळ्यांना."

"मंग ठीक हाय." आणि तिने डोंगा काठावर ओढून पालथा घातला.

मित्रा, शब्द किती स्वस्त असतात! तो 'सगळ्यांना' माझ्या तोंडून निघून चोवीस तासही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी किसन नावाचा एक मासेमार आला. मनाईच्या आधी टाकलेले जाळे पाण्यातच राहिले होते, आत अडकलेली मासळी सडेल म्हणून तो गयावया करू लागला. "साहेब, गेलो आन आलो." त्याने मला चहा पाजला होता, माझ्यासाठी सावलीत खाट टाकली होती. निशाण वर होते, पण जाळे दारापासून दूर होते. मी होकाराची मान हलवली.

किसनने जाळे ओढले. अर्धे आले, अर्धे तुटून वाऱ्यासोबत निघाले, आणि आम्ही दोघे काठावर उभे राहून ते पाण्याखाली दिसेनासे होताना पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने पाणबुड्या वर आला. त्याच्या उजव्या पायाला नायलॉनच्या जाळ्याचा गोळा गुंडाळलेला होता. खाली त्या काळोखात, पाय धरला गेल्यावर, त्याने कमरेचा सुरा काढून चाचपत चाचपत तो तोडला होता. नावेच्या कडेला धरून तो नुसता धापा टाकत होता. अभियंत्याने फक्त माझ्याकडे पाहिले. किसन मान खाली घालून निघून गेला, तो मनाई उठेपर्यंत काठाला आला नाही.

वच्छलाबाई मात्र आली. तिने ते हिरवे जाळे उचलून हातात धरले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी त सगळ्याइले म्हणलं होतं."

त्या एका वाक्याने मला जेवढे खाली नेले, तेवढे कुठल्या धरणाचे पाणी खोल नसेल. अपमान मोठ्या आवाजात झाला तर माणूस उलटून बोलू शकतो. हळू आवाजात झालेल्या खरेपणापुढे तो काय करणार? मी त्या दिवसापासून खाटेवर बसलो नाही. दगडावर, उन्हात, निशाण दिसेल असा बसू लागलो. आणि माझ्यापासून चार हातांवर, न सांगता, न नेमता, ती बसू लागली. कुणी पोहायला आले, कुणी म्हशी पाण्यात घालू लागले, की माझ्या आधी तिचा आवाज जाई, "ए बाप्पा, मांघं फिर! पान्याखाली मानूस हाय!" हुकूम माझ्या खिशात होता, पण त्याला प्राण तिच्या कंठातून मिळत होता.

आणि मग पाचवा दिवस उजाडला.

डोंगा बंद झाल्यापासून तिच्या नवऱ्याला भाकरी पोचत नव्हती. तो खोपीत स्वतःच करून खाई. त्या सकाळी पीठ संपले म्हणून तो सडकेने पायी गावाकडे निघाला होता. शेत दिवसभर एकटे राहणार होते. नेमके तेव्हाच पलीकडच्या झुडपांतून रोही उतरले. नीलगाईंचा मोठा कळप, पुढे एक काळसर नर. टरबुजे काढणीला आली होती. तीन दिवसांत, मनाई संपली की, ती शेलूबाजारला जायची होती. हिरव्या वेलांत ती गोल, गुळगुळीत पाठीची फळे आम्हाला इकडच्या काठावरूनही दिसत.

वच्छलाबाई ताडकन उठली. हाकारे घातले, पितळी थाळी दगडावर बडवली. वारा आमच्या तोंडावर येत होता. एकदा माना वर झाल्या, कान फडफडले, आणि माना पुन्हा खाली गेल्या. पहिले फळ फुटले तेव्हा आवाज आला नाही, फक्त हिरव्यात एक लाल ठिपका उमटला. मग दुसरा. तिने नवऱ्याला फोन लावला. तो लागेना. पायांशी डोंगा पालथा पडलेला. वल्हे हातात. दहा मिनिटे!

नावेवर लाल निशाण फडफडत होते.

मी म्हणालो, "वच्छलाबाई, मी नावेवर हाक देतो. त्यांना म्हणतो, त्याला वर घ्या."

तिने माझ्याकडे वळून पाहिले. डोळे भरलेले होते, पण आवाज स्थिर होता. "तुमीच सांगतलं ना, घाईनं वर काढता येत नाई म्हणून? मंग?"

"मग माझ्या मोटरसायकलवर चला. सडकेने जाऊ."

"तुमी गेले त इथं कोन पाहीन?"

ती उभी राहिली. एक पाय डोंग्याच्या तळावर, दोन्ही हातांची मूठ वल्ह्यावर. माझ्या घड्याळात तो काळ चाळीस मिनिटांचा होता. तिच्या काळजात तो किती होता, कसे सांगू? तीन महिने हंड्याने पाणी घालून, खत मुरवून, पिले जपावीत तशी जपलेली ती फळे एकामागून एक फुटत होती, आणि ती पाहत होती. एकदा तिने डोळे मिटले. एकदा मोठ्याने म्हणाली, "खाय बाप्पा, खाय. तुले का समजते." बस्स, एवढेच. आपण संयमाची थोरवी ग्रंथांतून वाचतो, आणि तो पर्वतासारखा शांत असेल अशी कल्पना करतो. मी पाहिलेला संयम थरथरत होता. त्याच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता, आणि त्याच्या वल्ह्याचे टोक वाळूत खड्डा पाडत होते. तरी तो जागचा हलला नाही.

निशाण उतरले, नळी गुंडाळली गेली, दोर सैल झाले. नावेवरून अभियंत्याने हात हलवून तिला जायची मोकळीक दिली. तिने डोंगा उलटला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बूट काढून पाण्यात शिरून तो ढकलायला हात लावला. ती पोचेपर्यंत कळप झुडपांत गेलेला होता. अर्ध्याहून अधिक शेत तुडवले गेले होते.

दुसऱ्या दिवशी दाराचे काम आटोपले. पाणबुड्या तिला भेटायला काठावर आला. मीच त्याला सगळे सांगितले होते. तो कोकणच्या किनाऱ्याचा, काळासावळा, लाजरा तरुण. तिनेच वाचलेले एक टरबूज फोडून त्याच्या हातात फोड दिली. "खाली काय दिसते रे बाप्पा?"

"काहीच नाही, मावशी. गाळाने डोळ्यापुढचा हातही दिसत नाही. हातांनीच पाहायचं. पण ऐकू फार येतं. वर कुणी वल्हं मारलं तरी डोक्यात ठोका पडतो. तो आला की आम्ही काम सोडून दोर घट्ट धरून बसतो. जाळ्याच्या दिवसानंतर तर मी घाबरलोच होतो. काल म्हणून कान तिकडेच होते."

"मंग?"

"काल काहीच वाजलं नाही. दाराची शेवटची खीळ तपासून झाली."

"खीळ बरी हाय का?"

"बरी आहे."

"मंग झालं तर," ती म्हणाली, आणि दुसरी फोड कापू लागली. थोड्या वेळाने ती दोघे बाजूला बसून किती तरी वेळ बोलत होती. मी दोर गुंडाळणाऱ्यांना मदत करत होतो.

कचेरीत परतल्यावर अहवाल लिहायचा होता. छापील नमुना, त्यात 'अडथळे' आणि 'सहकार्य' असे दोन रकाने. पहिल्यात 'निरंक' आणि दुसऱ्यात 'स्थानिक यंत्रणा' असे लिहिण्याची रीत आहे. मी पहिल्या रकान्यात लिहिले की दुसऱ्या दिवशी निशाण वर असताना मी एका इसमास जाळे काढू दिले, आणि त्यामुळे पाणबुड्याच्या जिवास धोका झाला. दुसऱ्यात वच्छलाबाईंचे नाव लिहिले, आणि पाचव्या दिवशी काय घडले ते चार ओळींत. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "स्वतःच्या हाताने मेमो ओढवून घेता?" मेमो आला. मी त्याला खरे तेच उत्तर दिले. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या हलक्या मनाने मी कुठल्या कागदावर सही केली नव्हती.

आठवड्याने फलक उतरवायला गेलो तेव्हा अहवालाची प्रत सोबत नेली. ती खोपीपुढे बसून उरलेल्या वेलांना पाणी घालत होती. मी तिला तो रकाना वाचून दाखवला. मनात कुठेतरी, खोटे कशाला बोलू, ती आनंदेल आणि मला बरे वाटेल अशी आशा होती.

तिने शांतपणे ऐकले. "माह्यं नाव लिवलं, बरं केलं. आन त्याचं?"

"कुणाचं?"

"पान्याखाली व्हता त्याचं."

मी कागद वरपासून खालपर्यंत चाळला. सगळीकडे 'पाणबुड्या' असेच होते. आठ दिवस मी त्या माणसाच्या जिवाची राखण करत बसलो होतो, त्याचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला होता, आणि त्याचे नाव मी एकदाही विचारले नव्हते.

तिला माझा चेहरा वाचता आला असावा. तिने हंडा खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले, आणि माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवले.

"सुभान नाव हाय त्याचं," ती म्हणाली. "लिवा."